अंड्याचे घावन

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गात विषयांची वाटणी चटकन झाली. कुणी अस्तित्ववाद घेतला, कुणी ग्रामीण कवितेतला पाऊस घेतला, एकाने तर ‘मानव आणि एकाकीपणा’ हा विषय दोन वर्षे पुरेल इतका घेऊन ठेवला. माझ्या वाट्याला उरले ते स्वयंपाकघर. त्याबद्दल तक्रार नाही. अस्तित्ववाद असो की पाऊस, सकाळच्या पहिल्या तासाला पोटात कावळे ओरडत असतील तर दोन्ही डोक्यात शिरत नाहीत, हा अनुभव माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या निम्म्या वर्गाचा आहे. म्हणून मी न्याहरीवर लिहायचे ठरवले. आणि न्याहरीतही एकाच पदार्थावर, जो मी स्वतः आठवड्यातून तीन-चार वेळा करतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. अंडे फेटून तव्यावर टाकले की त्याला आपण ‘ऑम्लेट’ म्हणतो, आणि जुनी माणसे ‘अंड्याची पोळी’ म्हणतात. मी म्हणतो तो पदार्थ यापेक्षा पातळ. त्यात अंड्याबरोबर थोडे पीठ आणि पाणी असते, तो कागदासारखा पसरतो, आणि पोटात भाजी घेऊन त्याची गुंडाळी होते. लोअर परळला जिथे पूर्वी गिरण्या होत्या तिथे आता उपाहारगृहे आहेत. त्यांतल्या एकाच्या फलकावर हाच पदार्थ ‘एग क्रेप रॅप’ या नावाने लिहिलेला मी पाहिला, आणि पुढे लिहिलेली किंमत पाहून पुढे चालू लागलो. आमच्या लालबागच्या खोलीत त्याला ‘अंड्याचे घावन’ म्हणतात. हेच नाव मला बरोबर वाटते, कारण पीठ कसे भिजवावे, तव्यावर कसे ओतावे आणि झाकण केव्हा काढावे, हे सारे शहाणपण घावनाचेच आहे. अंडे त्यात मागाहून आले.

घावन म्हणजे काय हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. तांदळाचे पीठ ताकासारखे सैल भिजवायचे, बिडाच्या तापल्या तव्यावर कडेकडेने ओतत मध्यापर्यंत यायचे, झाकण ठेवायचे, आणि जाळी पडली की उचलायचे. त्याच्याबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस, काळ्या वाटाण्याचे सांबारे किंवा कोंबडीचा रस्सा, जसा दिवस तसे. कोकणात काही घरी गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्यही असतो. म्हणजे एकच पदार्थ देवीच्या ताटात आणि कोंबडीच्या रश्शात, दोन्हीकडे निःसंकोच वावरतो. इतकी समरसता माणसांना साधलेली नाही.

असा पातळ पदार्थ फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात गव्हाच्या पिठाचे ‘क्रेप’ आणि कुट्टूच्या पिठाचे ‘गालेत’ करतात. गालेतवर अंडे फोडून त्याच्या चारी कडा आत दुमडण्याची तिथे रीतच आहे. चीनमध्ये सकाळी रस्त्याच्या कडेला ‘ज्यानबिंग’ मिळते. तव्यावर पीठ पसरायचे, त्यावर अंडे फोडून पसरायचे, आणि घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. जवळ पाहायचे तर गोव्यातले ‘आले-बेले’. अंडे घातलेल्या पिठाची पातळ पोळी आणि आत गूळ-खोबऱ्याचे सारण. पोर्तुगीज पद्धत आणि कोकणी नारळ यांचा हा संसार. आणि खुद्द मुंबईत 1969 साली अमरजितसिंग टिब यांनी ‘फ्रँकी’ सुरू केली. बैरूतला खाल्लेल्या गुंडाळीवरून त्यांना ती सुचली, आणि त्यांनी पोळीला बाहेरून अंड्याचा लेप दिला. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ज्याला ताटावर बसायला सवड नाही, त्याच्या हातात जेवण देण्याची ही युक्ती आहे.

ही सवड नसलेली माणसे गिरणगावाने फार पाहिली. परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत कोकणातून आणि घाटावरून हजारो पुरुष एकटे आले. कुटुंब गावी, आणि इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसे. त्यांच्या पोटाची व्यवस्था खानावळवाल्या बायकांनी केली. पहिली पाळी सकाळी सातला, म्हणजे खानावळीची चूल त्याच्या कितीतरी आधी पेटलेली. माझी आजी या बायकांपैकी एक. तिच्याकडे आठ-दहा जेवणारे होते. 1975 साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले आणि अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. त्याआधी सावकार हाच त्यांची बँक होता. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पगार थांबला की खानावळीचे पैसे थांबतात, पण जेवणाऱ्याची भूक थांबत नाही. आजी सांगते की त्या वर्षी तिने उधारीवर भाकरी वाढली, आणि ती उधारी वहीतच राहिली. संप कुणी मागे घेतल्याची घोषणा झालीच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद झाल्या. आजोबांची गिरणी गेली आणि आजीची खानावळही गेली. राहिला तो बिडाचा तवा. त्याच तव्यावर मी हे घावन करतो.

आता आजची सकाळ पाहा. आई इस्पितळात आया आहे. तिची पाळी सातची. माझे कॉलेज सकाळचे. धाकटा भाऊ साडेसातला शाळेत निघतो आणि वडील आठला गोदामात. खोली दहा बाय बारा, शेगडी एक, आणि पाणी पहाटे तासभर. अशा घरात पोळी-भाजीची न्याहरी म्हणजे कणीक मळणे, लाटणे, भाजणे, आणि हे सगळे पाणी भरता भरता. त्यामुळे व्हायचे असे की आई आमच्या तिघांच्या पोळ्या करायची आणि स्वतः चहावर निघून जायची. दोन वर्षांपूर्वी तिला कामावर चक्कर आली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि एवढेच सांगितले की उपाशीपोटी घरातून निघू नका. हे सांगणे सोपे होते. घड्याळात त्यासाठी वीस मिनिटे कुठून आणायची, हा खरा प्रश्न होता. अंड्याच्या घावनाने तो आमच्यापुरता सोडवला, कारण त्यात मळणे नाही, लाटणे नाही, आणि पाच घावने दहा मिनिटांत होतात.

त्याचे सारे रहस्य पातळपणात आहे. गणिताला घाबरून कलाशाखेत आलेल्या माझ्यासारख्यांनी पुढची चार वाक्ये धीराने वाचावीत. माझ्या एका घावनाला साधारण पन्नास मिलिलिटर पीठ लागते, आणि ते वीस सेंटिमीटर रुंद पसरते. म्हणजे त्याची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. दोन अंड्यांचे नेहमीचे ऑम्लेट लहान पसरते आणि पाच मिलिमीटरपर्यंत जाड होते. जाड पुठ्ठा दुमडला की बाहेरच्या बाजूला चीर पडते आणि पातळ कागद दुमडला की पडत नाही, हाच नियम इथे लागू होतो. शिवाय पातळ थरात उष्णता वरपर्यंत लगेच पोचते, त्यामुळे घावन उलटावे लागत नाही, आणि उलटताना फाटण्याची धास्तीही राहत नाही.

पीठ कशाला, असे कुणी विचारेल. अंड्याचा पांढरा भाग साठ-बासष्ट अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो, पिवळा त्याहून थोड्या जास्त उष्णतेला. त्यापुढे आच वाढत गेली की त्यातली प्रथिने एकमेकांना आवळून धरतात, पाणी बाहेर पिळून काढतात, आणि पदार्थ रबरासारखा चिवट होतो. पिठातला स्टार्च या आवळण्याच्या आड येतो, आणि घातलेले पाणी प्रथिनांना जरा लांब लांब ठेवते. म्हणून पीठ-पाण्याचे घावन निवल्यावरही मऊ राहते. मात्र पीठ कोणते, यालाही महत्त्व आहे. नुसत्या तांदळाच्या पिठाने जाळी सुंदर पडते, पण निवल्यावर घावन मोडते; कणकेला चिकटपणा असल्याने ते वळते. म्हणून दोन्ही घ्यावीत.

आमच्या घरचे प्रमाण असे. तीन अंडी, दोन मोठे चमचे कणीक, एक मोठा चमचा तांदळाचे पीठ, सहा मोठे चमचे पाणी, चवीपुरते मीठ, चिमूटभर हळद. एवढ्यात पाच घावने होतात. आधी दोन्ही पिठे थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग अंडी फोडून घालावीत, फेटावे, आणि उरलेले पाणी घालावे. उलटा क्रम केला तर गुठळ्या अंड्यात पोहत राहतात. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे. एक नासके निघाले तर बाकीची वाचतात. शंका असेल तर अंडे पाण्यात सोडून पाहावे. ताजे असेल तर तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते, फार जुने तरंगते, कारण दिवस जातील तसतशी त्यातली हवेची पोकळी वाढते. मिश्रण दहा मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे पीठ नीट भिजते. तेवढ्यात एक पिंप भरून होते.

तवा मध्यम आचेवर तापू द्यावा. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत नाचत आटला पाहिजे. अर्धा कांदा सुरीच्या टोकाला टोचून तेलात बुडवावा आणि त्याने तवा पुसून घ्यावा. अर्धा चमचा तेल पाचही घावनांना पुरते. हलका तवा असेल तर मधोमध मिश्रण ओतून तवा हाताने चहूकडे फिरवावा. बिडाचा तवा जड, तो फिरवता येत नाही. तिथे घावनाची जुनी रीत उपयोगी पडते. वाटीने आधी कडेला गोल ओतावे, मग आत आत येत मध्य भरावा. डावाने पसरायला जाऊ नये, कारण खालचा थर तोवर धरलेला असतो आणि डावाबरोबर ओढला जातो. प्रत्येक वेळी ओतण्यापूर्वी मिश्रण ढवळावे, पीठ तळाशी बसते. झाकण ठेवून मिनिटभर थांबावे. वरचा ओलसर चकाकणारा भाग पूर्ण निस्तेज झाला आणि कडा आपोआप सुटू लागल्या की घावन झाले. चकाकी उरली असेल तर अजून थांबावे. कच्चे अंडे पोटाला बरे नव्हे.

आत काय घालायचे, याला फडताळाची मर्यादा एवढीच मर्यादा. आदल्या रात्रीची बटाट्याची भाजी, मटकीची कोरडी उसळ, बारीक चिरलेला कोबी, किंवा काहीच नसेल तर कांदा, कोथिंबीर आणि लसणीची चटणी. आमच्याकडे मटकीला पहिली पसंती असते, आणि त्याला कारण आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. तीन अंडी पाच घावनांत वाटली की एकाच्या वाट्याला पीठ धरून चार ग्रॅमच्या आसपास येतात. म्हणजे नुसते एक घावन ही पुरी न्याहरी नव्हे. मोड आलेल्या कडधान्याने ती पुरी होते. रस्सा असलेली भाजी मात्र घालू नये, घावन भिजून फाटते. सारण मधोमध न ठेवता आपल्या बाजूच्या कडेपाशी आडवे ठेवावे, ती कड त्यावर दुमडावी, डावी-उजवी बाजू आत घ्यावी, आणि वळकटीसारखे गुंडाळत न्यावे. वळकटी बांधायचे शिक्षण गिरणगावात वेगळे द्यावे लागत नाही.

बरोबर न्यायचे असेल तर धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळावे. वर्तमानपत्रात गुंडाळण्याची आपल्याला फार सवय आहे, पण छपाईची शाई अन्नात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही कागदाचा हा वापर करू नका असे बजावले आहे. मुंबईच्या हवेत दोन तासांच्या आत खाऊन टाकावे. हा दुपारचा डबा नव्हे. आई तो इस्पितळाच्या वाटेवर चालता चालता खाते. तिच्या भाषेत, ‘फाटकाशी पोचेपर्यंत संपतं.’

आता अडचणींकडे वळू. आजीने आजोबांच्या मागे माळ घातली, तेव्हापासून ती अंडे खात नाही. एका खोलीत एक माळकरी आणि चार अंडी खाणारे, त्यात शेगडी एकच. यावर वादही झाले. शेवटी ठरले ते असे. आजीचे साधे तांदळाचे घावन वेगळ्या, लहान तव्यावर आधी होते, आणि मग बिडाचा तवा चढतो. सोमवारी, संकष्टीला आणि श्रावणात अंडे घरात येत नाही. त्या दिवशी ‘टोमॅटो ऑम्लेट’ होते, ज्यात अंडे नसते. बेसन आणि टोमॅटो यांच्या त्या पदार्थाला ऑम्लेट हे नाव ज्या कुणी दिले, त्याच्या घरीही बहुधा एक माळकरी आजी असावी. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आजीला मान्य नाही, परंतु दोघांची शेगडी एकच असायला तिची हरकत नाही. ती अंड्याला हात लावत नाही, पण दोन हात लांब बसून मला सूचना देत असते: आच कमी कर, कडेने घाल, घाई करू नको. या लेखात जे काही तंत्र आहे ते तिचे आहे. मिलिलिटर तेवढे माझे.

दुसरी अडचण गॅलरीतून ये-जा करणाऱ्यांची. मुलगा शेगडीपुढे बसलेला दिसला की कुणीतरी विचारतेच, ‘काय रे, आई आजारी आहे का?’ माझे उत्तर ठरलेले असते, ‘आजारी पडू नये म्हणून.’ त्यावर विचारणारा बहुधा पुढे जातो. हॉटेलातला आचारी पुरुष चालतो, लग्नातला चालतो, घरातलाच तेवढा का चालत नाही, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शोधून काढावे.

शेवटी एक बारीकशी गोष्ट. पहिले घावन नेहमी जरा वाकडेतिकडे होते. तव्याची आच आणि तेल अजून जुळलेले नसते, त्याला इलाज नाही. मी करू लागलो तेव्हा आजी म्हणाली, ‘पहिलं घावन करणाऱ्याचं. गरम आहे तोवर खा, मग बाकीच्यांचं बघ.’ नियम मला आवडला. काही दिवसांनी मी तिला विचारले, की खानावळ होती तेव्हा पहिली भाकरी तू खायचीस का? ती म्हणाली, ‘तेव्हा कुठला असा नियम!’ आईच्या वेळीही तो नव्हता. घरातला मुलगा चुलीपुढे बसला तेव्हाच तो जन्माला आला, हे तिच्याही लक्षात आले असावे, कारण ती थोडा वेळ गप्प बसली.

आता तो नियम आम्ही सगळ्यांना लावला आहे. आईला सुट्टी असते त्या दिवशी घावने ती करते. पहिले घावन ती सवयीने भावाच्या ताटलीत टाकते, आणि भाऊ ते उचलून परत तिच्या हातात देतो. अजून तिला दर वेळी आठवण करून द्यावी लागते. ज्या वाचकांना वरील प्रमाणाने घावन करून पाहायचे असेल त्यांनी जरूर करावे. पीठ, पाणी आणि आच थोडीफार इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. हा एक नियम मात्र प्रमाणाबरोबर लिहून घ्यावा, आणि आपल्या घरी शेगडीपुढे रोज जे कुणी असेल, त्यांच्यापासून सुरुवात करावी.